तान्ह्या मुलीच्या अंगावर रांगेत आलेले फोड : चिऊचे चार टप्पे

कृष्णाकाठ

गेल्या आठवड्यात रात्री साडेदहाला एक फोन आला. ओळखीच्या ओळखीतून नंबर मिळवलेला. आठ दिवसांची मुलगी, मांडीपासून घोट्यापर्यंत फोडांची रांग, घरात रडारड. त्या बाळाच्या वडिलांशी तासभर बोलले. फोन ठेवल्यावर वाटलं, नऊ वर्षांपूर्वी मला जे कुणी सांगायला हवं होतं ते एकदा सलग लिहून ठेवावं. लांबलचक होईल, पण ज्यांना गरज आहे ते वाचतील.

आजाराचं नाव इन्कॉन्टिनेन्शिया पिगमेंटी. आम्ही बोलताना आयपी म्हणतो. लाखभर जन्मांमागे जेमतेम एखादं बाळ, आणि तेही जवळजवळ नेहमी मुलगीच. त्यामुळे आयुष्यभर प्रॅक्टिस केलेल्या डॉक्टरांनीही तो पाहिलेला नसतो, यात त्यांचा दोष नाही.

चिऊ (हे घरातलं नाव) सांगली जिल्ह्यातल्या एका छोट्या दवाखान्यात झाली. दिवस पूर्ण भरलेले, वजन पावणेतीन किलो. तिसऱ्या दिवशी न्हाऊ घालायला आलेल्या मावशी मध्येच थांबल्या आणि म्हणाल्या, "ताई, हे बघा." डाव्या पायाच्या आतल्या बाजूला लाल ठिपके होते. पसरलेले नव्हते, एकाखाली एक, कुणी बोटाने कुंकू ओढत न्यावं तसे. संध्याकाळपर्यंत त्यांत पाणी भरलं. मावशी हळूच म्हणाल्या, "नागीण आहे. तोंड आणि शेपूट जुळायच्या आत उतरवून घ्या." त्या रात्री मी दर अर्ध्या तासाने दिवा लावून ती रांग कुठवर आली ते बघत होते.

मग मोठं रुग्णालय, काचेची पेटी, सलाईनमधून अँटिबायोटिक. फोडांतल्या पाण्याची तपासणी झाली, त्यात जंतू सापडले नाहीत. ताप नाही, दूध नीट ओढतेय, आणि फोड मात्र रोज नवे. रक्तात इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी ३४ टक्के. एरवी त्या पाच-सहा टक्क्यांच्या आत असतात. त्या आकड्यामुळे कातडीच्या डॉक्टरांना बोलावलं.

त्या आल्या, चिऊला उघडं करून दोन मिनिटं नुसत्या बघत राहिल्या. मग मला म्हणाल्या, "तुमचा गाऊन जरा वर घ्या, पोटऱ्या बघू." माझ्या दोन्ही पोटऱ्यांवर मागच्या बाजूला फिकट पट्टे आहेत, त्यांवर केस नाहीत. लहानपणी सायकलवरून पडले त्याचे वण, असं आई सांगायची आणि मीही तेच धरून चालले होते. "वरचा एक दात उगवलाच नाही ना तुमचा?" नाही उगवला. त्याच्या शेजारचा सुळ्यासारखा टोकदार आहे. "याआधी दिवस राहिले होते?" दोनदा. दोन्ही वेळा तिसऱ्या-चौथ्या महिन्यात गेले.

त्यांनी खुर्ची ओढली आणि समोर बसल्या. म्हणाल्या, "हे तुमच्याकडून आलंय, पण तुम्ही काही केल्यामुळे आलेलं नाही. दोन्ही वाक्यं नीट ऐका." आणि पुढे, "फोडांचं मी बघते. त्यांना फारसं औषध लागत नाही, ते आपोआप जातील. तुम्ही उद्या सकाळी डोळ्याच्या पडद्याच्या डॉक्टरांकडे जा. आठवड्याने नाही, उद्या."

हा धागा मुख्यतः या शेवटच्या वाक्यासाठी काढला आहे. घरातले सगळे अंगावरच्या फोडांकडे बघत होते. डोळे तर काळेभोर, टपोरे, सुंदर दिसत होते. आत डोकावल्यावर उजव्या डोळ्याच्या पडद्याच्या कडेला रक्तवाहिन्याच नव्हत्या. आयपीत कडेच्या बारीक वाहिन्या बंद पडू शकतात. मग तो उपाशी भाग नव्या वाहिन्या उगवायला लावतो, त्या कच्च्या असतात, फुटतात, पडद्याला ओढून सोडवतात. सातव्या आठवड्यात लेझर झालं. आज तिला चष्मा आहे आणि त्या डोळ्याने ती फळ्यावरचं वाचते. साधारण तिघींपैकी एकीच्या डोळ्यांत काहीतरी सापडतं, आणि पहिलं वर्ष सगळ्यात जोखमीचं.

आता कातडीचं. चार टप्पे असतात, पण जिन्याच्या पायऱ्यांसारखे नाहीत. एक संपायच्या आत दुसरा सुरू होतो, एखादा येतच नाही.

पहिला फोडांचा. जन्मतःच किंवा पहिल्या दोन आठवड्यांत. हातपाय, अंग, डोक्याची कातडी इथे फोड येतात, चेहरा बहुधा सुटतो. चिऊला हे लाटांनी येत गेलं: एक रांग सुकली की दुसरीकडे नवी. चौथ्या महिन्यात थांबलं. (पुढे दीड वर्षाची असताना सडकून ताप आला तेव्हा जुन्याच रेषेवर आठवडाभर पुन्हा फोड आले. असं होऊ शकतं हे आधी माहीत असतं तर त्या रात्री इतकी घाबरले नसते.)

दुसरा खडबडीत टप्पा. दोन महिन्यांची होती. फोड गेले तिथे, मुख्यतः पावलं आणि बोटांवर, कातडी जाड होऊन चामखिळींसारखे उंचवटे आले. हात फिरवला की कारल्याच्या सालीवरून फिरवल्यासारखं लागायचं. दिसायला हा सगळ्यात वाईट टप्पा. पाहुणे उचलून घेईनात. पण तिला खाज नव्हती, दुखत नव्हतं. सहा महिन्यांची होईतो खपल्या गळून पाय मऊ झाले.

तिसरा रंगाचा, ज्यावरून आजाराला नाव पडलं. तपकिरी, राखाडी रेघा आणि भोवरे. ओहोटीनंतर ओल्या वाळूवर पाण्याच्या रेघा उरतात ना, तशी नक्षी पोटावर, कमरेवर, काखेत उमटली. मला सगळ्यात कोड्यात टाकलं ते याने, कारण फोड होते पायांवर आणि रंग आला पोटावर, जिथे कधी काही झालंच नव्हतं. पहिली काही वर्षं गडद राहिला. आता फिका पडत चाललाय. बहुतेकींचा वयात येईपर्यंत किंवा विशीपर्यंत जातो.

चौथा माझ्या पोटऱ्यांवर आहे. फिकट, किंचित पातळ कातडीचे पट्टे, केस नाहीत, घामही येत नाही. हे कायम राहतात. चिऊच्या डाव्या पोटरीवर आत्ता दिसू लागलेत.

विचारा काय विचारायचं ते.

अवनी_चाफेकर

ताई, वाचताना हात थरथरत होते. माझ्या मावसबहिणीची मुलगी पंधरा दिवसांची आहे. अगदी असेच फोड, रांगेत, उजव्या दंडावर आणि पाठीवर. गावातल्या डॉक्टरांनी 'बाळकांजिण्या असतील' म्हणून मलम दिलंय. मोठ्या मुलाला बाळाजवळ जाऊ देत नाहीत. अंगावर पाजणंही थांबवायला सांगितलंय सासूबाईंनी. काय करू?

कृष्णाकाठ

अवनी, फोटोवरून मी काही ठरवू शकत नाही आणि ठरवणारही नाही. दोन गोष्टी मात्र आजच करा. पहिली, जिथे लहान मुलांचे डॉक्टर आणि कातडीचे डॉक्टर दोघंही आहेत अशा मोठ्या रुग्णालयात बाळाला न्या. दुसरी, पाजणं बंद करू नका. तसं करायचंच असेल तर ते डॉक्टरांनी सांगावं. आयपी निघाला तर तो कुणालाच लागत नाही, भाऊ मांडीवर घेऊन बसला तरी काही होणार नाही. जाताना आईची आणि आजीची पोटरी, दात, डोक्यावर टक्कल पडलेला एखादा ठिपका आहे का, हे बघून जा. विचारणार नक्की.

त्वचावैद्य

वीस वर्षं त्वचारोगतज्ज्ञ आहे. आयपीच्या मुली आजवर चारच पाहिल्या. धागा उत्तम आहे, एका ठिकाणी थांबवतो.

नवजात बाळाच्या अंगावर पाण्याचे फोड आले की पहिला संशय आयपीचा घ्यायचा नसतो. पहिला संशय हर्पीसच्या विषाणूचा आणि जिवाणूंच्या संसर्गाचा. तान्ह्या बाळात हर्पीस मेंदूपर्यंत पोहोचला तर तासांचा प्रश्न असतो. त्यामुळे तपासणीचा निकाल येईपर्यंत विषाणूविरोधी औषध आणि अँटिबायोटिक देणं हे चुकीचं निदान नव्हे, ती योग्य खबरदारी आहे. तुमच्या चिऊला पेटीत ठेवणाऱ्यांनी बरोबर केलं. फोड एका ओळीत आहेत, बाळ तसं ठणठणीत आहे, जंतू सापडत नाहीत, इओसिनोफिल चढलेले आहेत, असं चित्र दिसू लागलं की मग आयपी डोक्यात यायला हवा. आणि अवनीताई, म्हणूनच तुमच्या भाचीला आजच न्या. पंधरा दिवसांच्या बाळाला 'बाळकांजिण्या' म्हणून मलम लावून घरी ठेवणं मला अजिबात मान्य नाही.

आता हा रंग येतो कसा, याबद्दल. आपल्या वरच्या कातडीच्या तळाशी रंग बनवणाऱ्या पेशी असतात. त्या तळाच्या पेशींना इजा झाली की मेलॅनिन, म्हणजे कातडीचं रंगद्रव्य, खालच्या थरात गळतं. तिथल्या सफाई करणाऱ्या पेशी ते गिळून बसतात आणि वर्षानुवर्षं तशाच राहतात. खोलवरचा रंग म्हणून तो तपकिरीपेक्षा राखाडी, निळसर दिसतो. झुरिकच्या ब्लॉख यांनी १९२६ मध्ये हेच पाहून नाव दिलं: रंग धरून न ठेवता येणं. १९२८ मध्ये त्यांच्याकडे शिकलेले अमेरिकन डॉक्टर सल्झबर्गर यांनी सविस्तर लिहिलं, म्हणून पुस्तकांत ब्लॉख-सल्झबर्गर असं जोडनाव आहे. लंडनच्या गॅरड यांनी अशी एक मुलगी १९०६ मध्येच नोंदवली होती. माझ्या मते नाव दिशाभूल करणारं आहे. रंग हा आजार नाही, आजार येऊन गेल्याची खूण आहे. खरा आजार पेशींच्या मरणाचा आहे.

बायोप्सी, म्हणजे कातडीचा तुकडा काढून तपासणं, प्रत्येकीला लागतेच असं नाही. आईच्या पोटऱ्या कधी कधी बायोप्सीपेक्षा जास्त सांगतात.

कृष्णाकाठ

डॉक्टर, मनापासून आभार. त्या सहा दिवसांच्या सुयांचा राग मी नऊ वर्षं धरून होते. आज तुमचं वाचून सुटला.

विज्ञानमित्र

रेषांबद्दल थोडं, कारण त्या रेषा मला या आजारातला सगळ्यात विलक्षण भाग वाटतात.

बर्लिनचे त्वचारोगतज्ज्ञ आल्फ्रेड ब्लाश्को यांनी शंभराहून अधिक रुग्णांच्या अंगावरचे रेषेत उठणारे डाग टिपले आणि ते सगळे एका पुतळ्यावर रेखाटले. १९०१ मध्ये प्रसिद्ध केलं. पाठीच्या कण्यावर इंग्रजी व्ही, पोटाच्या बाजूला एस, डोक्यावर भोवरा, हातापायांवर उभ्या रेघा. या रेषा नसांच्या नाहीत, रक्तवाहिन्यांच्या नाहीत, स्नायूंच्याही नाहीत. नागीण नसेच्या पट्ट्यात उठते, म्हणून ती अंगाला अर्धा वेढा घालते. आयपीची रेघ तशी जात नाही. मावशींना नागीण वाटली यात नवल नाही, पण दोन्हींचे नकाशेच वेगळे.

मग या रेषा कसल्या? गर्भात कातडीच्या पेशी वाढत, सरकत ज्या वाटेने गेल्या त्या वाटा. आपल्या सगळ्यांच्या अंगावर त्या आहेत, फक्त दिसत नाहीत. कारण दोन शेजारच्या वाटांवरच्या पेशी एकसारख्याच असतात.

मुलींमध्ये मात्र एक गोष्ट घडते. मुलीच्या प्रत्येक पेशीत दोन एक्स गुणसूत्रं असतात, एक आईचं, एक वडिलांचं. गर्भ अगदी लहान असताना प्रत्येक पेशी त्यातलं एक बंद करते, कुठलं ते नशिबावर. नंतर तिच्या सगळ्या लेकी-नाती तीच निवड पाळतात. मेरी लायन या ब्रिटिश शास्त्रज्ञ बाईंनी १९६१ मध्ये हे मांडलं. तिरंगी मांजर पाहिलंय ना? पिवळा आणि काळा रंग एक्सवरून ठरतो, म्हणून असं मांजर जवळजवळ नेहमी मादी असतं. मांजराच्या पाठीवर जे रंगाने दिसतं, ते आयपीच्या मुलीच्या अंगावर फोडांनी दिसतं: एका वाटेवर चांगलं एक्स चालू, शेजारच्या वाटेवर बिघडलेलं.

बिघडलेला जनुक एक्सच्या शेपटाकडे आहे. नाव आयकेबीकेजी, जुनं नाव नेमो. आयपीशी त्याचा संबंध २००० साली सापडला. त्याचं काम पेशीला वाचवण्याचं. शरीरात दाह सुरू झाला की पेशींना 'मर' असा निरोप जातो आणि नेमोच्या आधाराने निरोगी पेशी तो निरोप पचवून जगतात. ज्यांच्यात नेमो नाही त्या मरतात. मरताना त्या शेजाऱ्यांना भडकवतात, इओसिनोफिल गोळा होतात, फोड येतो. पण बघा, त्या मेल्या की त्यांची जागा चांगलं एक्स चालू असलेल्या पेशी भरून काढतात. म्हणून कातडी आपोआप सुधारते. डॉक्टरांनी 'औषध लागत नाही' म्हटलं त्याचं कारण हे. डोळ्याचा पडदा आणि मेंदू यांना अशी भरपाई करता येत नाही.

मुलग्यांकडे दुसरं एक्स नाही, म्हणून बहुतेक मुलगे पोटातच जातात.

कृष्णाकाठ

शेवटचं वाक्य मला त्या कातडीच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं तेव्हा मी प्रथमच पोटात गेलेल्या त्या दोघांसाठी रडले. तोवर मी फक्त स्वतःला दोष देत होते.

तात्या_चिपळूण

मुली, वय झालेल्या माणसाचा प्रश्न आहे, राग मानू नकोस. आमच्याकडे अशा डागांना ग्रहणाचे डाग म्हणतात. गरोदर बाईने ग्रहणात काही चिरलं, कापलं की बाळाला डाग येतो असं आमची आई सांगायची. माझ्या धाकट्या सुनेला मी ग्रहणात कोंडून बसवलं होतं. यात काहीच तथ्य नाही का?

कृष्णाकाठ

तात्या, राग कसला. माझ्या सासूबाईंनीही पहिल्या दिवसापासून तेच धरलं होतं. सातव्या महिन्यात ग्रहण होतं आणि मी वांगी चिरली होती, हे त्या प्रत्येक पाहुण्याला सांगत. मी मनातून मानलंही होतं. ज्या दिवशी डॉक्टरांनी माझ्या पोटऱ्या दाखवून सांगितलं की हे माझ्या जन्माच्या आधीपासून माझ्यात आहे, त्या दिवशी वांगी सुटली. पण लगेच 'म्हणजे दोष सुनेच्या रक्तातच' सुरू झालं. ते मिटायला वर्षं गेली. मिटलं कसं तर चिऊनेच मिटवलं. चार वर्षांची असताना आजीच्या मांडीवर बसून पोटावरच्या रेघा दाखवत म्हणाली, "आजी, ही नदी आहे, ही पण नदी आहे." सासूबाईंनी त्या दिवसापासून पाहुण्यांसमोर तिचा फ्रॉक खाली ओढणं सोडलं.

तात्या_चिपळूण

सुनेची माफी मागतो आज.

रानफूल

माझी भाची सतरा वर्षांची. पोटरीवर तुम्ही सांगता तसेच फिकट पट्टे. एका ठिकाणी 'कोड आहे' म्हणून सांगितलं, वर्षभर मलम लावतोय, उन्हात बसवतोय. घरात आत्तापासून लग्नाची काळजी. दात मात्र तिचे विरळ आहेत, दोन आलेच नाहीत.

त्वचावैद्य

प्रत्यक्ष बघितल्याशिवाय खात्रीने सांगणार नाही, पण घरी बघता येतील अशा खुणा देतो. कोडाचा डाग पांढराशुभ्र, कातडीचा पोत मात्र नेहमीसारखा, हाताला फरक लागत नाही, आणि डाग वाढतात किंवा नवे येतात. आयपीचा पट्टा पांढराशुभ्र नसतो, फिकट असतो. रेषेत असतो, वर्षानुवर्षं तसाच राहतो. त्यावर केस नसतात. पळून आल्यावर बाकी पाय घामेजतो आणि पट्टा कोरडा राहतो. दातांचं तुम्ही सांगितलंत ते महत्त्वाचं आहे. जन्मल्यावर फोड आले होते का हे तिच्या आईला विचारा. मलम आणि ऊन थांबवण्याचा निर्णय तिच्या डॉक्टरांना हे सगळं सांगून घ्या.

आणि आयपी निघाला तर तिचे डोळे दाखवा, आजवर काही जाणवलं नसलं तरी.

तिसऱ्या टप्प्याच्या रंगावर लेझर करायला सांगणारे आता शहराशहरात आहेत. ते टाळा असं मी सांगेन. रंग आपोआप जातो, आणि लेझरनंतर फोड पुन्हा उठल्याच्या नोंदी आहेत.

दातांची_ताई

मी लहान मुलांची दंतवैद्य, नाशिकला. आयपीत निम्म्याहून जास्त मुलींच्या दातांत फरक असतो. दात उशिरा येतात, काही येतच नाहीत, काही सुळ्यासारखे टोकदार येतात. दुधाच्या दातांत झालं तर पक्क्या दातांतही होण्याची शक्यता धरून चालायचं. आईवडील 'दुधाचेच तर आहेत, पडतील' म्हणून थांबतात, तसं करू नका. चावता येत नाही म्हणून मुलगी भाकरी टाळते, मऊ भातावर राहते, बोलताना काही अक्षरं निसटतात. टोकदार दातांना आकार देता येतो, लहानपणी काढघाल होणारी कवळी बसते, मोठेपणी पक्का इलाज. पहिल्या वाढदिवसाच्या सुमारास एकदा दाखवून ठेवा.

कृष्णाकाठ

चिऊचे चार दात नाहीत. पहिलीत असताना छोटी कवळी बसवली. वर्गात काढून दाखवायची, मुलांच्या रांगा लागायच्या.

नागपूरकर_बाबा

आमची मुलगी पाच वर्षांची. आमच्या घरी आईच्या अंगावर काहीही नव्हतं, तपासणीतही निघालं नाही. मुलीत नव्याने झालेला बदल. डॉक्टरांनी सांगितलं की निम्म्याहून जास्त मुलींमध्ये असंच असतं, आणि असा नवा बदल बऱ्याचदा वडिलांकडच्या एक्समध्ये झालेला असतो. म्हणजे 'आईकडून आलं' हे नेहमी खरं नाही, हे इथे लिहिणं मला भाग वाटतं. आमच्याकडेही बोटं आधी बायकोकडेच वळली होती.

जनुकतपासणी करणाऱ्यांसाठी एक सूचना. साधारण पाचातल्या चौघींमध्ये त्या जनुकाचा ठरावीक मोठा तुकडाच गळालेला असतो. पण शेजारीच त्याच जनुकाची एक निकामी नक्कल आहे, त्यामुळे नेहमीच्या तपासणीत घोटाळा होतो. आमचा पहिला अहवाल 'काही नाही' असा आला होता. नमुना देतानाच विचारा की हा तुकडा वेगळ्या पद्धतीने तपासणार ना.

तिला आठव्या दिवशी आकडी आली होती. मेंदूचा एमआरआय झाला, दोन वर्षं औषध दिलं, आता बंद आहे. डाव्या हातात थोडा अशक्तपणा आहे, व्यायाम चालू. बहुतेक मुलींना मेंदूचं काही होत नाही, हे आम्हालाही सांगितलं होतं. आमच्या मुलीला झालं. पण ती बोलते, भांडते, 'अ' पासून 'ज्ञ' पर्यंत म्हणते.

प्राजक्ता_नगर

थोडं अवघड विचारते. मला आयपी आहे, मुलगी निरोगी. दुसऱ्या वेळी दिवस राहिलेत, सहा आठवडे. मुलगा असेल तर जाईल, या भीतीने झोप नाही. लिंग कळणं तर कायद्याने बंद. मग काहीच करता येत नाही का?

त्वचावैद्य

घाबरू नका. हिशोब असा: चार शक्यता, चारही सारख्या. निरोगी मुलगी, निरोगी मुलगा, आयपी असलेली मुलगी, आणि आयपी असलेला मुलगा, जो बहुधा टिकत नाही. मुलगा म्हणजे जाणारच असं नाही, निम्मे मुलगे पूर्ण निरोगी असतात. क्वचित आयपी असलेला मुलगाही जन्मतो, काही पेशींतच बदल असेल किंवा त्याच्याकडे एक जादा एक्स असेल तर.

१९९४ चा कायदा लिंग सांगायला बंदी करतो, आजाराच्या तपासणीला नाही. लिंगाशी जोडलेल्या आनुवंशिक आजारांसाठी नोंदणीकृत केंद्रात गर्भाची तपासणी करायला तो परवानगी देतो. त्यासाठी आधी तुमच्यातला नेमका बदल माहीत हवा. नागपूरकरांनी लिहिलेली तपासणी तुमची झाली नसेल तर याच आठवड्यात करा, कारण वारेचा नमुना साधारण अकराव्या ते तेराव्या आठवड्यात घेतात. जनुकीय समुपदेशकाला पती-पत्नी दोघं भेटा. पुढे काय करायचं ते फक्त तुम्ही दोघं ठरवा.

कृष्णाकाठ

प्राजक्ता, व्यक्तिगत निरोप पाठवलाय. रात्री कधीही फोन कर.

पैशांचं कुणीच विचारलं नाही, पण सांगते. डोळ्यांच्या तपासण्या खूप होतात. आम्हाला सांगितलेलं वेळापत्रक: पहिले तीन-चार महिने दर महिन्याला, वर्षाची होईपर्यंत दर तीन महिन्यांनी, तीन वर्षांपर्यंत सहा महिन्यांनी, मग वर्षातून एकदा. ज्यांना खाजगीत झेपत नाही त्यांनी जिल्हा रुग्णालयातलं डीईआयसी, म्हणजे मुलांच्या आजारांवर लवकर उपचार करणारं केंद्र, विचारा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातलं आहे ते, २०१३ साली आपल्या पालघरमधूनच तो कार्यक्रम सुरू झाला. कमी दिवसांच्या बाळांचे पडदे तपासायची सोय जिथे आहे तिथे आयपीच्या बाळाचाही पडदा बघता येतो, यंत्र तेच.

अवनी_चाफेकर

काल दाखल केलं. हर्पीस नाही. इओसिनोफिल २९ टक्के. कातडीच्या डॉक्टरांनी बहिणीला पोटऱ्या दाखवायला सांगितल्या. तिच्या पोटऱ्यांवर पट्टे नाहीत, पण मावशीच्या, म्हणजे बाळाच्या आजीच्या, डोक्यावर मध्यभागी रुपयाएवढं टक्कल आहे, लहानपणापासून. आम्ही सगळे आयुष्यभर तो चिमट्याचा वण समजत होतो. मावशीच्या पायावर पट्टे निघाले. बहिणीचे दोन दात नाहीत.

आयपीच धरून चाललेत, जनुकतपासणी पाठवलीय. पडद्याच्या डॉक्टरांकडे उद्या सकाळी नऊला नंबर लागलाय. बहीण विचारतेय, डोळे तपासताना बाळाला फार त्रास होतो का? बरोबर काय न्यायचं?

कृष्णाकाठ

रडते, पण काही मिनिटांचंच असतं. बाहुल्या मोठ्या करायला थेंब घालतात, त्यासाठी तास-दीड तास थांबावं लागतं, म्हणून आठलाच पोहोचा. तपासणीच्या आधी तासभर पाजू नका, रडताना उलटी होऊ शकते. झाल्यावर लगेच घ्या अंगावर. घट्ट गुंडाळायला जुन्या मऊ लुगड्याचा तुकडा न्या, फोडांना नायलॉन लागू देऊ नका. थेंबांमुळे दिवसभर उजेड सोसत नाही, म्हणून कुंची हवी. आणि बहिणीला म्हणावं, डॉक्टरांनी 'आज सगळं ठीक आहे' म्हटलं तरी पुढच्या महिन्याची तारीख तिथेच काउंटरवर लिहून घ्यायची, मगच दारातून बाहेर पडायचं. नऊ वाजता मी फोनजवळ आहे.